बंद दाराशी

दिल्लीतील आमच्या वसाहतीतून शेजारचे कुटुंब बदली होऊन गेले. मोती मात्र त्यांच्या बंद दाराशीच बसून राहिला. प्रथम मुले त्याला पोळी घालीत. पुढे तीच दगड मारू लागली. भेदरलेला मोती एकाला चावला, तेव्हा सारी वसाहत काठ्या घेऊन धावली. मी दार लावून घेतले.

रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून झालेल्या १९६० च्या कायद्याने, जनावराला उपासमार होईल असे विनाकारण सोडून देणे हा गुन्हा आहे. हे कलम मीच मराठीत उतरविले होते!

त्या रात्री माझ्या लेकीने विचारले, “बाबा, आपली बदली झाली तर आजीला बरोबर नेऊ ना?”

मला उत्तर लवकर सुचले नाही.