मावशीचा प्रश्न

पंधरा वर्षांपूर्वी कर्करोगामुळे मावशीचा डावा स्तन काढावा लागला. त्या जागी सिलिकॉनचा बसवला. आता भोवतालचं आवरण आवळून तो दगडासारखा झालाय. त्या कुशीवर तिला निजवत नाही. "हे जन्मभर टिकत नसतात, बदलून घ्या," डॉक्टर म्हणाले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. इंग्रजी कागद माझ्याच हाती आले. रात्रभर शब्दकोश घेऊन बसले. सिलिकॉनची अशी पहिली शस्त्रक्रिया १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला झाली, हेसुद्धा ऐटीत सांगितलं.

मावशी हळूच म्हणाली, "काढला नि नवा बसवलाच नाही, तर चालेल का गं?"

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, "चालेल की!"

मी सगळं वाचलं होतं. तिला काय हवंय, तेवढं विचारायचं राहून गेलं होतं.