जेवलो. ठीक आहे.

आईसोबतचं माझं व्हॉट्सअ‍ॅप चॅट वर सरकवत नेलं की एकच मेसेज पुन्हा पुन्हा दिसतो. 'जेवलो. ठीक आहे.' सहा वर्षं झाली हिंजवडीत. तापाने फणफणलो होतो तेव्हाही हेच, रिलीज फसला त्या रात्रीही हेच.

गेल्या महिन्यात ऑन-कॉल होतो. रात्रीचे दोन, अलर्ट नाही, झोपही नाही. हेडफोन लावून समोर येईल ते ऐकत बसलो. ल्युसियँ द्युरोझ्वार नावाच्या फ्रेंच माणसाची एक रचना लागली. कानाला गोड म्हणावी अशी नव्हती, पण बंदही करवेना. नाव शोधलं आणि उजाडेपर्यंत त्याच्याबद्दलच वाचत राहिलो.

1914 साली पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा द्युरोझ्वार पस्तिशीचा होता, युरोपात नाव कमावलेला व्हायोलिनवादक. वडील लहानपणीच गेलेले, मागे आई. तो साधा शिपाई म्हणून आघाडीवर गेला आणि तिथून आईला जवळजवळ रोज पत्र लिहीत राहिला. फ्रेंच सैनिकांच्या पत्रांना तिकीट लागत नसे. मात्र आपण नेमके कुठे आहोत ते लिहायला मनाई, आणि सेन्सॉर कुठलंही पाकीट फोडून बघणार.

त्याचा सेनापती जनरल मांजँ. शिपायांच्या जिवाची पर्वा न करणारा म्हणून 'खाटीक' हे टोपणनाव मिळालेला, पण संगीताचा शौकीन. त्याच्या आश्रयाने वादकांचं एक छोटं पथक जमलं. देब्यूसीचा मित्र, संगीतकार आंद्रे काप्ले त्यात व्हियोला वाजवायचा आणि मोरिस मारेशाल चेलो. हा चेलो 1915 मध्ये दोन सुतार शिपायांनी दारूगोळ्याच्या खोक्यांच्या फळ्यांपासून बनवला होता. आज तो पॅरिसच्या संगीत संग्रहालयात आहे.

हे वाचताना मला वाटलं, सुटला बिचारा. पण अधिकाऱ्यांपुढे मैफली आणि चर्चमध्ये प्रार्थनेला साथ करणाऱ्या त्याच हातांनी त्याने जखमींची स्ट्रेचरंही उचलली. त्याची रेजिमेंट 1916 मध्ये व्हेर्दंच्या लढाईत उतरली होती. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याने आईला कळवलं, की आपण आता संगीतरचनेकडे वळणार आहोत आणि त्याला फळ येईल अशी आपली खात्री आहे.

इथे मी थांबलो. आजूबाजूला माणसं मरतायत, आणि हा आईला पुढच्या आयुष्याचा बेत सांगतोय. मी आईला काय सांगतो? भाजी कुठली होती ते.

युद्ध संपलं, तो जिवंत परतला. पुढे बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राकडून बोलावणं आलं. जायच्या बेतात असतानाच, 1921 मध्ये, आईला अपघात झाला आणि ती अधू झाली. त्याने बॉस्टन सोडून दिलं. मैफलीही सोडल्या. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला एका खेड्यात राहून आईची सेवा करत तो रचना करत राहिला. 1955 मध्ये तो वारला तोवर त्यातलं काहीच छापलं गेलं नव्हतं. नंतर मुलाने आणि सुनेने ती बाडं बाहेर काढली. 2005 मध्ये त्याची पत्रंही पुस्तकात आली.

ही गोष्ट ऐकून कुणी म्हणेल, केवढा त्याग! मला तसं सरळ म्हणता येत नाही. रचना करीन हे त्याने ठरवलं होतं ते बॉस्टनच्या आधी, चिखलात बसून, आणि ते तिला ठाऊक होतं. त्यामुळे तो थांबला तेव्हा आपल्यापायी त्याचं काय सुटतंय आणि काय उरतंय, हे तिला कळत असणार.

माझ्या आईला काहीच ठाऊक नाही. दोन वर्षांसाठी जर्मनीला जायची ऑफर तीन आठवड्यांपासून माझ्या मेलबॉक्समध्ये पडून आहे. दिवाळीनंतर आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. ती 'जा' म्हणेल हे मला माहीत आहे, आणि भीती त्याचीच आहे. म्हणून मी तिच्या वतीनेही एकट्यानेच विचार करत बसलोय, आणि त्याला तिची काळजी म्हणतोय. माझ्या मेसेजवर तर सेन्सॉरही बसलेला नाही.

काल रात्री तिचा नेहमीचा मेसेज आला, 'जेवलास का रे?' मी 'जेवलो' लिहिलं. 'ठीक आहे' लिहायला घेतलं आणि खोडलं. मग लिहिलं, 'आई, जागी आहेस? थोडं बोलायचंय.'

दोन्ही टिक्स निळ्या झाल्या, आणि मी टाइप करायच्या आत तिचाच फोन आला.