कंबर गेलेला बोल्ट

साकीनाक्याच्या गाळ्यात माझं लेथ आहे. काम बहुतेक कारखान्यांचं; पण एप्रिल-मे उजाडला की मढ-वेसाव्याची गिऱ्हाइकं यायला लागतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, डागडुजीला तेवढीच सवड. इंजिनाच्या बोटींना माणसं मिळतात. शिडाची जुनी होडी कुणी हौसेनं, बरेचदा हट्टानं राखलेली असली, तर तिचं लोखंडकाम फिरून फिरून माझ्याकडे येतं.

येणारा नाखवा ठरलेलंच बोलतो : "मिस्त्री, स्टीलचेच बोल्ट द्या. एकदाचं काय ते होऊन जाऊ दे." मी विचारतो, पाण्याच्या वर की खाली? डोलकाठीच्या पट्ट्या, दोऱ्या ओवायच्या कड्या, कप्प्यांचे खिळे, हे सगळं उघड्या वाऱ्यात. तिथे 316 नंबरचं स्टेनलेस बिनधास्त लावा. पठाणातून, म्हणजे होडीच्या तळाच्या कण्यातून, आरपार जाणाऱ्या बोल्टचं तसं नाही. स्टेनलेसवरचा पातळ संरक्षक थर टिकायला हवेतला प्राणवायू लागतो. ओल्या लाकडाच्या पोटात तो मिळत नाही, वर खारं पाणी मुरलेलं. मग डोकं चकाकतं, नटही चकाकतो, आणि दोन लाकडांच्या सांध्यावर, जिथे कुणाची नजर पोचत नाही, तिथे बोल्टची कंबर गेलेली असते. बाहेरून पाना लावून पाहणाऱ्याला तो घट्टच वाटतो.

त्यापेक्षा पाण्याखाली मला गरम जस्तात बुडवलेला साधा लोखंडी बोल्ट परवडतो. नागदेवी स्ट्रीटवर चमचमणारे जस्ताचे बोल्ट ढिगानं मिळतात. त्यांच्यावर विजेनं चढवलेलं अगदी पातळ पाणी असतं, समुद्रात ते फार दिवस पुरत नाही. खरा बुडवलेला बोल्ट राखाडी, जरा ओबडधोबड दिसतो. त्याच्या आट्यांवर जस्ताचा जाड थर बसतो, म्हणून नेहमीचा नट चढत नाही. नटाची आटी थोडी मोठी कापून घ्यावी लागते. बोल्टची आटी मात्र घासायची नाही. घासली की जस्त गेलं आणि पैसेही.

सागाच्या होडीत लोखंड टिकतं याचं श्रेय सागालाच द्यायला हवं. विलायती ओकमधलं आम्ल लोखंड खातं, सागातलं तेल त्याला सांभाळतं. साग किती टिकतो ते पाहा : जहाजं बांधणाऱ्या वाडियांनी मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका 1817 साली पाण्यात उतरली; आज ती इंग्लंडात हार्टलपूलला उभी आहे.

एकाच होडीत दोन जातींचे धातू शेजारी बसवू नयेत, हे इंग्रजांच्या आरमाराला फार महागात शिकावं लागलं. 1761 मध्ये 'अलार्म' या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. दोन वर्षांनी पाहिलं तर तांबं ठीक, पण पत्र्यांचे लोखंडी खिळे विरघळत आलेले. जिथे पत्र्याचा वेष्टनाचा जाड कागद चुकून मधे राहिला होता, तिथले खिळे तेवढे शाबूत होते. खाऱ्या पाण्यात तांबं आणि लोखंड एकमेकांना टेकले की लोखंडाचा बळी जातो. तरी आजही सुकाणूच्या पितळी बिजागरीला लोखंडी बोल्ट ठोकलेला मला दर मोसमात दिसतो.

पितळाचीही गंमत आहे. जुना पितळी स्क्रू कानशीनं जरा खरवडा. आत पिवळा निघाला तर ठीक. गुलाबी निघाला तर त्यातलं जस्त समुद्रानं केव्हाच नेलंय, उरलंय ते सच्छिद्र तांबं. आकार तोच राहतो, पण पकडीत धरून पिळला की मोडतो.

बसवताना माझी घाई नसते. जुन्या भोकाभोवतीचं लाकूड काळं पडून मऊ झालं असेल तर ते पोखरून काढायचं, सागाची खुंटी ठोकायची आणि नव्यानं भोक पाडायचं, बोल्टपेक्षा किंचित बारीक. मग बोल्ट ठोकूनच आत घालायचा. डोक्याखाली सफेद्यात भिजवलेल्या सुताचे वेढे, नटाखाली रुंद वायसर. आणि सुक्या लाकडात नट जीव खाऊन आवळायचा नाही. होडी पाण्यात गेली की लाकूड फुगतं. आधीच कचकचून आवळलेलं असेल तर वायसर फळीत रुततं आणि फळीचे तंतू चिरडतात. पोरांना हे पटत नाही. जोर लावला म्हणजे काम झालं असं त्यांना वाटतं.

अर्थात धातूच नको म्हणणारीही होडी असते. भारतीय आरमारानं 2025 साली दाखल केलेल्या 'कौंडिण्य' जहाजाच्या फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवल्या आहेत. नाखव्याला हे सांगितलं की तो हसतो आणि बोल्टचा भाव विचारतो.

तेव्हा जुनी होडी असेल त्यांना एवढंच सांगणं : पठाणातले एक-दोन बोल्ट दर काही वर्षांनी मुद्दाम उपसून बघा. उपसलेला बोल्ट भंगारात टाकू नका, माझ्याकडे घेऊन या. तो पाहिल्याशिवाय मी नवा कापत नाही. आणि याल ते मे महिन्यात या. नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात आलात तर होडी तशीच पाण्यात न्यावी लागेल.