सोनुबाईचा वाळा

क्राइस्लर खोटं बोलला, हे कबूल. पण नुकसान नेमकं कुणाचं झालं, इथे माझं गाडं अडतं.

व्हिएन्नाच्या या व्हायोलिनवादकानं स्वतःच्या कित्येक रचना पुन्यानी, कूपरँ अशा जुन्या संगीतकारांच्या नावांवर खपवल्या. हस्तलिखितं दक्षिण फ्रान्समधल्या एका मठात मिळाली, अशी थापही मारली. 1935 साली न्यूयॉर्क टाइम्सच्या ओलिन डाउन्सनं पुन्यानीच्या ‘प्रिल्यूड अँड अलेग्रो’चं मूळ विचारलं, तेव्हा गडी म्हणाला, माझंच आहे ते! लंडनचे समीक्षक अर्नेस्ट न्यूमन खवळले. क्राइस्लरचं म्हणणं, नाव बदललं तरी मोल तेच.

‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ म्हणून हे निकालात काढता येईल. पण मला त्या सोनुबाईचीच दया येते. नाव आईबापांनी ठेवलेलं. वाळा सोन्याचा आहे असं ती कधी म्हणाली? अख्ख्या म्हणीत ती गप्प आहे. इथली सोनुबाई म्हणजे पुन्यानी. 1798 साली बिचारा वारला, आणि शंभरेक वर्षांनी कुणीतरी त्याच्या हातात वाळा चढवला. तोही कथलाचा नव्हे! भल्याभल्या पारख्यांनी तो वर्षानुवर्षं सोन्याचाच मानला. मग हसायचं कुणाला? सोनाराला, की पारख्यांना?

आपल्याकडे तर हे सर्रास चालत आलंय. नियामत खाँ ख्यालात ‘सदारंग’ नाव गुंफायचे. पुढे इतरांच्या चिजांतही ते शिरलं. महफिलीत कोण विचारतो? नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामाचे अभंग मिसळले. तुकोबांच्या गाथेतले प्रक्षिप्त अभंग अभ्यासक निवडत बसतात, वारकरी सगळेच गातात. त्याला आपण भक्ती म्हणतो आणि क्राइस्लरला लबाड. आता, अभंग जोडणाऱ्यानं मठाची गोष्ट रचली नव्हती, हा फरक आहेच. पुरेसा आहे का, कोण जाणे.

कारण गंमत अशी, की ‘प्रिल्यूड’च्या सुरुवातीचे ते भारदस्त गज, प्रत्येक सुराला वेगळा, खरा रचनाकार कळल्यापासून मला नाटकी वाटतात. सूर तर तेच आहेत. म्हणजे इतके दिवस मी अठरावं शतकच ऐकत होतो की काय?

आणि उद्या माझ्या लाडक्या अभंगाखालचा ‘तुका’ दुसराच कुणी निघाला तर? तेव्हा मी न्यूमन होईन की वारकरी, सांगवत नाही. प्रक्षिप्तांची यादी काही मी मुद्दाम काढून बघणार नाही.