कॅंडींतील लग्नघर

लंका पाहावी अशी इच्छा आम्हां उभयतांच्या मनांत फार दिवसांची होती. परंतु त्या प्रवासांत एका लग्नाची अक्षत आम्हांस मिळेल, असें मात्र कधीं वाटलें नव्हतें. झालें तें असें. पुण्यास आमच्या माडीवरील खोलींत एक सिंहली तरुण दोन वर्षें बिऱ्हाडास होता. पाली भाषेचा अभ्यास करण्यासाठीं तो आला होता. आपले धर्मानंद कोसंबी १९०२ सालीं पाली शिकावयास लंकेस गेले आणि पुढें फर्ग्युसन महाविद्यालयांत त्यांनीं ती भाषा शिकविली. आतां लंकेचा मुलगा तीच भाषा शिकावयास पुण्यास येतो, हें पाहून आम्हांस मौज वाटे. वयानें तो आमच्या मुलाएवढा. दोघांची गट्टी जमली, आणि थोड्याच दिवसांत भाड्याचा हिशेब मागें पडून तो आम्हांस काका-काकू म्हणूं लागला. एकादशीस खिचडीची बशी माडीवर जावयास उशीर झाला, तर तोच जिना उतरून खालीं येई. पुढें आमचा मुलगा नोकरीसाठीं कॅनडांत गेला व हा स्वदेशीं परतला. तरी स्नेहाचा धागा तुटला नाहीं.

त्याचें लग्न २०२० सालींच ठरलें होतें. महामारी आली व तें पुढें गेलें. २०२१ सालीं त्याचे वडील वारले. २०२२ सालीं लंकेच्या सरकारास परदेशचें कर्ज फेडतां येईना. पेट्रोलसाठीं लोक रात्रंदिवस रांगेंत उभे राहूं लागले, घरोघरीं चुलीचा गॅस मिळेनासा झाला. अशा दिवसांत लग्नाचें नांव कोण काढणार? होतां होतां २०२४ चा जानेवारी उजाडला. अनुराधपूर, पोलोन्नरुव, सिगिरिया अशी आमच्या प्रवासाची आंखणी होऊन तिकिटेंहि काढून झालीं होतीं, तोंच त्याचा निरोप आला, ‘काका, तुमच्या प्रवासांतला एक दिवस मला द्या. काकूंना घेऊन कॅंडीला या. आतां मी लग्न पुढें ढकलणार नाहीं.’

तो निरोप वाचून आमचें कुटुंब कांहीं वेळ गप्प बसलें. त्याचें कारण वाचकांस सांगितलें पाहिजे. आमच्या मुलाचा विवाहहि त्याच २०२० सालीं झाला. तो टोरोंटो शहरीं, नोंदणी पद्धतीनें. विमानें बंद होतीं. तिकडे दुपारचे बारा, इकडे रात्रीचे साडेनऊ. तो सोहळा आम्हीं दिवाणखान्यांत बसून भ्रमणध्वनीच्या काचेवर पाहिला. कुटुंब पैठणी नेसून बसलें होतें. तिनें मुठींत अक्षता घेतल्या होत्या. त्या कोठें टाकावयाच्या हें न कळून शेवटीं तिनें त्या देवापुढच्या तबकांत ठेवल्या. सून गुणी आहे, मुलगा सुखांत आहे, आमची कोणाविषयीं तक्रार नाहीं. पण तेव्हांपासून कोणाच्याहि लग्नास जावयाचें म्हटलें, कीं ती कांहीं ना कांहीं निमित्त काढी. या वेळीं निमित्त निघालें नाहीं. सामान भरतांना तिनें एका पुडींत कुंकवाच्या अक्षता बांधून घेतल्या. तें आम्हीं पाहिलें, पण बोललों कांहीं नाहीं.

सिगिरियाचा दुर्ग पाहून दंबुल्ल व मातले या मार्गानें आम्ही मोटारीनें कॅंडीस आलों. दुर्गाचें वर्णन हा स्वतंत्र लेखाचा विषय असल्यामुळें तें येथें करीत नाहीं. कॅंडी हें डोंगरांनीं वेढलेलें गांव. मध्यें तळें, आणि तळ्याच्या कांठीं भगवान बुद्धांच्या दंतधातूचें मंदिर. हें तळें शेवटचा राजा श्रीविक्रम राजसिंह यानें १८०७ सालीं बांधविलें. पुढें १८१५ सालीं त्याच्याच सरदारांनीं इंग्रजांशीं करार करून राज्य त्यांच्या हवालीं केलें, आणि राजाचा अंत आपल्याकडील वेलोर येथें बंदिवासांत झाला. ही गोष्ट लग्नाच्या वर्णनांत कशास, असें कोणी विचारील. तिचा संबंध पुढें येईल.

लग्नघरास सिंहली भाषेंत ‘मगुल गेदर’ म्हणतात. ‘मगुल’ म्हणजे आपलें मंगल. आमच्या स्नेह्याची आई सिंहलीवांचून दुसरी भाषा जाणत नव्हती, आणि आमच्या कुटुंबाच्या मराठी-हिंदीचा तेथें कांहीं उपयोग नव्हता. तरी तासाभरांत दोघींचें बोलणें असें रंगलें, कीं दुभाष्याचें काम करणारा चिरंजीव कंटाळून उठून गेला. हातास तिकडे ‘अत’, कानास ‘कन’, गांवास ‘गम’. साताचें ‘हत’ होतें, आठाचें ‘अट’. आणि मंगल प्रसंगीं शिजणारा ‘किरिबत’ म्हणजे नारळाच्या दुधांतला भात, क्षीर आणि भात हे दोन्ही शब्द त्यांत स्पष्ट दिसतात. वडील बहिणीस तेथेंहि अक्काच म्हणतात. दोघीहि एकमेकींस अक्का म्हणत होत्या. त्यामुळें वडील कोण, हा प्रश्न अखेरपर्यंत सुटला नाहीं.

रात्रीं जेवणें झाल्यावर स्नेही आमच्याजवळ येऊन बसला. ‘काका, उद्यां आम्ही दोघें आईवडिलांना विड्याचीं पानें देऊन नमस्कार करतों. माझ्या बाजूला बाबा नाहींत. आईशेजारीं तुम्ही आणि काकू उभे राहाल?’

आम्ही म्हणालों, ‘अरे, तुझे चुलते आहेत. आम्ही परदेशचे, आमच्या रीतिभाती निराळ्या. तुझ्या नातेवाइकांस तें रुचेल काय?’

‘चुलत्यांनींच सुचविलें. आणि आई म्हणते, ज्यांनीं दोन वर्षें माझ्या मुलाला जेवूं घातलें, त्यांना मी परके म्हणणार नाहीं.’

आम्हीं उत्तरासाठीं कुटुंबाकडे पाहिलें. ती केव्हांच मान हालवून मोकळी झाली होती.

मुहूर्तास तेथें ‘नॅकत’ म्हणतात; मूळ शब्द अर्थातच नक्षत्र. लग्नपत्रिकेवर नॅकत नऊ वाजून बावन्न मिनिटांचें होतें. आपल्याकडे मुहूर्त छापतात एक व लग्न लागतें दुसऱ्याच वेळीं, हा अनुभव गांठीस असल्यामुळें आम्ही निर्धास्त होतों. परंतु साडेनऊसच सर्व मंडळी स्थानापन्न झालेलीं पाहून आम्हांस पळत जावें लागलें. नॅकताचा मान त्या देशांत मोठा. एप्रिलांतील नववर्षाच्या दिवशीं चूल केव्हां पेटवावी, पहिला घांस केव्हां घ्यावा, याचीं नॅकतें आधींच जाहीर होतात, आणि घरोघर त्याच मिनिटास चूल पेटते.

इतक्यांत ढोल वाजूं लागले व रुपेरी शिरोभूषणें घातलेले नर्तक वराच्या पुढें नाचत आले. वराकडे पाहून आम्ही थक्क झालों. माडीवर सदरा-लेंग्यांत वावरणारा आमचा पोरगा कमरेभोंवतीं वारच्या वार वस्त्र गुंडाळून, फुगीर बाह्यांचा जरीचा अंगरखा व चौकोनी मुकुट घालून पावलें मोजीत येत होता. हा पोशाख जुन्या कॅंडीच्या सरदारांचा. ज्यांनीं १८१५ सालीं आपला राजा घालविला, त्यांचाच. राज्य गेलें, पोशाख राहिला. यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. आपल्याकडेहि पेशवाई पगडी आतां बोहल्यावरच दिसते. वधू ‘ओसरि’ नेसली होती. भांगांतून कपाळावर उतरलेला दागिना, केंसांत चंद्रसूर्य, आणि गळ्यांत एकाखालीं एक सात हार. वजनानें तिची मान अवघडली असावी, पण चेहऱ्यावर तें दिसलें नाहीं.

आपल्या बोहल्याच्या जागीं तेथें ‘पोरुव’ असतो. लांकडी चौथरा, वर फुलांचें छत, चार कोपऱ्यांस नारळाचा मोहोर ठेवलेले कलश. बौद्ध देश, तेव्हां लग्न भिक्षूच लावीत असतील, अशी आमची समजूत होती. ती चुकीची निघाली. भिक्षूंनीं आदल्या दिवशीं पिरित म्हणजे रक्षणाचीं सूत्रें म्हणून आशीर्वाद दिला तेवढाच. ज्यानें स्वतः संसार सोडला, त्यानें दुसऱ्याचा संसार जुळवून देऊं नये, असा त्यांच्या विनयाचा दंडक आहे. विधि चालविणारे एक वृद्ध गृहस्थ होते. वधूवर उजवें पाऊल पुढें टाकून पोरुवावर चढलीं. विड्याचीं पानें एकेक करून सात वेळां खालीं सोडलीं. वरानें वधूच्या आईस शुभ्र वस्त्र दिलें. मुलीस दूध पाजून वाढविल्याच्या ऋणाची ती खूण. मग वधूचा मामा पुढें आला. त्यानें दोघांच्या करंगळ्या दोऱ्यानें बांधल्या व तोटीच्या भांड्यांतून त्यांवर पाण्याची धार धरली. आपल्याकडे मामा मुलीस बोहल्यापर्यंत आणून सोडतो व उदक सोडण्याचा अधिकार बापाचा. येथें मामाचा मान एक पायरी अधिक.

पांढऱ्या वेषांतील मुलींनीं पालींतील जयमंगल गाथा म्हटल्या. बुद्धाच्या आठ विजयांचें हें स्तवन आमच्या स्नेह्यानें पुण्यास परीक्षेसाठीं घोकलें होतें, तें भिंतीपलीकडून आम्हीं अनेकदां ऐकलें होतें. पुढें त्या वृद्धानें अष्टकें म्हणावयास आरंभ केला. चाल निराळी, उच्चार निराळे. पण मधून मधून संस्कृत शब्द ओळखीचे लागले आणि हीं मंगलाष्टकेंच, हें ध्यानांत येतांच आमच्या कुटुंबाचा हात पिशवींत गेला. पुडी उघडली. परंतु सभेंत कोणाच्याच हातांत अक्षता नव्हत्या. तेथें ती चालच नाहीं. तिनें आमच्याकडे पाहिलें. आम्ही काय सांगणार? तिनें मूठ मिटून घेतली. ती तशीच मिटलेली मूठ घेऊन ती पुढील सारा वेळ बसून राहिली.

पोरुवावरून उतरतांना नारळ फोडला गेला. आम्हांस बोलावणें आलें. आमच्या स्नेह्याची आई पांढऱ्या साडींत सर्वांच्या पुढें उभी होती. तिच्या उजवीकडे आम्ही उभयतां. आमच्या लहानपणीं घरांत मंगलकार्य निघालें, कीं आमची एक विधवा आत्या दोन दिवस माजघराच्या बाहेर येत नसे. लाडू वळावयास मात्र तिचे हात चालत. तिची आठवण त्या क्षणीं आम्हांस कां झाली, हें सांगावयास नको. पहिला विडा आईच्या हातीं दिला गेला व मुलानें गुडघे टेकून तिच्या पायांवर डोकें ठेवलें. मग तो आमच्यापुढें आला. पानांची जुडी दोन्ही हातांनीं पुढें करून तो मराठींत एवढेंच म्हणाला, ‘काका, काकू, नमस्कार करतों.’ तीं दोघें वांकलीं, तेव्हां आमच्या कुटुंबाची मूठ उघडली. पण ती तेथेंच थांबली; मुलाच्या आईकडे पाहूं लागली. त्या माउलीनें तो लाल तांदूळ पाहिला, तो काय आहे हें तिला कोणी सांगितलें नाहीं, आणि तिनें आपला तळहात पुढें केला. अर्ध्या अक्षता तिच्या हातावर पडल्या. दोघींनीं मिळून त्या मुलांच्या मस्तकांवर टाकल्या. घामानें कांहीं दाणे कुटुंबाच्या तळहातास चिकटून राहिले होते, ते तिनें बोटानें एकेक काढून टाकले.

त्यानंतर समई उजळली, वधूवरांनीं एकमेकांस किरिबताचे घांस भरविले, आणि निबंधकापुढें सह्या झाल्या. या निबंधकाच्या शेजारीं आमची पंगत बसल्यामुळें कॅंडीच्या विवाहांविषयीं पुष्कळ माहिती मिळाली. तेथें विवाह दोन प्रकारचे. ‘दीग’ विवाहांत मुलगी सासरीं जाते. ‘बिन्न’ विवाहांत नवराच बायकोच्या घरीं राहावयास येतो. अशा घरजांवयानें काठी, चूड व ऊन-पावसासाठीं ताडपत्र दाराशीं तयार ठेवावें, कोणत्या घटकेस निघावें लागेल याचा नेम नाहीं, असें जुने लोक म्हणत. दोघां-तिघां भावांनीं मिळून एक बायको करण्याचीहि चाल पूर्वीं होती. ती १८५९ सालच्या कायद्यानें बंद झाली. पांडवांची कथा ज्यांच्या घरीं वाचली जाते, त्यांनीं यावर नाक मुरडूं नये.

जेवणाची आम्हांस धास्ती होती, कारण तेथें नारळाच्या चटणींतहि वाळलेल्या मासळीचा चुरा असतो. पण आमच्यासाठीं यजमानांनीं वेगळें पान मांडलें होतें: कोंवळ्या फणसाची भाजी, काजूची आमटी, मसुरीचें वरण, तळलेले कॅवुम. काजूची आमटी आम्हीं तीनदां मागून घेतली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं कोलंबोची आगगाडी होती. स्टेशनवर वराची आई आली. तिनें कुटुंबाच्या हातांत लग्नाच्या केकाच्या तीन छोट्या डब्या दिल्या, तीन बोटें दाखविलीं, आणि मग पश्चिमेकडे हात करून दूर, फार दूर, अशी खूण केली. गाडी सुटली. १८६७ सालीं कॅंडीपर्यंत आलेला हा लोहमार्ग कडुगन्नावच्या घांटांतून खालीं उतरतो. एका अंगास कडा, दुसऱ्या अंगास खोल हिरवी दरी, आपल्या बोरघांटाची आठवण व्हावी असा देखावा. बोगदा संपल्यावर कुटुंबानें एक डबी उघडली. रवा, काजू व मुरांबा घातलेला तो काळसर केक. त्यांत अंडें असणार, हें उघड होतें. आम्हीं तसें बोलूनहि दाखविलें. ‘असूं दे,’ ती म्हणाली, आणि तुकडा मोडून अर्धा आमच्या हातावर ठेवला. दुसरी डबी तिनें कोलंबोपर्यंत राखली. तिसरी पिशवीच्या तळाशीं, लुगड्याच्या घडींत गेली. मुलाकडे ती कशी पोंचवावयाची, याचा विचार आमच्यावर सोंपवून ती खिडकीबाहेर पाहूं लागली.