कावळा आणि फांदी

गेलीं अठ्ठावीस वर्षें मी तर्कशास्त्र शिकवीत आहें. एक गोष्ट दुसरीच्या मागून घडली म्हणजे ती तिच्यामुळेंच घडली असें मानणें हा केवढा प्रमाद आहे, हें मी दर वर्षीं नव्या मुलांना सांगत आलों आहें. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ, ही म्हण फळ्यावर लिहून तिच्याशेजारीं मी एक कावळाही काढतों. मुलांच्या मतें तो कोंबडीसारखा दिसतो.

गेल्या महिन्यांत एका सोमवारीं सकाळीं, चिंचवडला आमच्या इमारतीच्या आवारांत, तोच कावळा माझ्या मोटारीवर येऊन बसला. किल्ली फिरविली. इंजिन घरघरलें, फिरलें, पुन्हा पुन्हा फिरलें, पण पेटेना. आदल्याच संध्याकाळीं भोसरीच्या मिस्त्रींनीं तेल बदलून मोटार परत आणून दिली होती. आतां सांगा, यापुढें विचार करण्यासारखें राहिलेंच काय? मीं तेथल्या तेथें त्यांना फोन केला आणि त्यांचें काम, त्यांचें बिल व अखेरीस त्यांची सचोटी या तिन्हींचा उद्धार केला. ‘चोर’ हा शब्द माझ्या तोंडून गेला. फाटकावरच्या पहारेकऱ्यानेंही तो ऐकला. मिस्त्री एवढेंच म्हणाले, "येतो, सर. तोवर स्टार्टर मारत बसू नका, बॅटरी उतरेल."

ते येईपर्यंत शेजारी जमले. पिंपरी-चिंचवडांत मोटारीचें दुखणें एकांतांत भोगतां येत नाहीं. १९९८ सालीं इंडिका निघाली ती पिंपरीच्याच कारखान्यांतून. चाकणला २००९ पासून जर्मन मोटारीही तयार होऊं लागल्या. तेव्हां आमच्या इमारतींत मजल्यागणिक या धंद्यांतला कोणी ना कोणी राहतोच. आणि प्रत्येकाचें निदान त्याच्या त्याच्या खात्यांतून निघतें. वायरिंगच्या खात्यांतले गृहस्थ वायर तुटली म्हणाले. खरेदी खात्यांतल्यांनीं फिल्टर नकली ठरविला. रंगखात्यांतल्या तरुणानें मात्र प्रामाणिकपणें नुसती सहानुभूति दाखविली.

मिस्त्री आले. ते रागावलेले दिसले नाहींत, हें मला अधिक लागलें. मीं बॅटरीचा संशय बोलून दाखविला.

"इंजिन जोरात फिरतंय ना, सर? मग बॅटरी आणि स्टार्टर आपापलं काम करतायत. फिरवणं वेगळं, पेटणं वेगळं."

किती साधा भेद! १९१२ सालीं अमेरिकेंत कॅडिलॅक मोटारीला विजेचा स्टार्टर बसला. त्यापूर्वीं फिरविण्याचें काम माणूस पुढें उभा राहून लोखंडी दांड्यानें करी. पेटण्याला मात्र आंत हवा, पेट्रोल, पुरेसा दाब आणि नेमक्या क्षणीं पडणारी ठिणगी हीं सगळींच लागतात. मिस्त्रींनीं स्टार्टर न लावतां किल्ली अर्धीच फिरविली आणि मागच्या आसनाकडे कान दिला. टाकींतल्या पंपाची दोन क्षणांची गुणगुण ऐकूं आली. मग एकवार इंजिन फिरवून म्हणाले, "टायमिंग बेल्ट तुटला असता तर दाबच राहिला नसता, इंजिन हलकं आणि सुसाट फिरलं असतं. इथं तसं नाही." एक शक्यता घ्यावी, तपासावी, बाजूला ठेवावी आणि मगच दुसरीकडे वळावें; मीं अठ्ठावीस वर्षें खडूनें लिहिलेलें शास्त्र तेथें तेलकट हातांनीं चाललें होतें.

शेवटीं त्यांची नजर समोरच्या एका लुकलुकणाऱ्या तांबड्या दिव्यावर गेली. दिव्यावर किल्लीचें चित्र होतें. तो मीही पाहिला होता. किल्ली लावली आहे, एवढाच त्याचा अर्थ मीं केला होता.

"सर, ही किल्ली कुठली?"

मूळची सांपडेना म्हणून मीं त्या सकाळीं खुंटीवरची दुसरी उचलली होती. ती चिंचवड स्टेशनजवळ स्वस्तांत करून घेतलेली. दार उघडतें एवढें पाहून मीं समाधान मानलें होतें. मिस्त्रींनीं सांगितलें कीं, खऱ्या किल्लीच्या मुठींत एक बारीकशी चिप असते. कुलुपाभोंवतालच्या तारेच्या वेटोळ्यापासून तिला शक्ति मिळते आणि ती आपली ओळख सांगते. ओळख पटली नाहीं तर मोटारींतला संगणक इंजिन फिरूं देतो, पण पेटूं देत नाहीं. युरोपांत १९९८ पासून नव्या मोटारींना अशी योजना सक्तीची झाली, ती चोरांसाठीं. थोडक्यांत, माझ्या मोटारीनें मला चोर ठरविलें होतें.

मूळ किल्ली रविवारच्या सदऱ्याच्या खिशांत निघाली. सौभाग्यवतींनीं ती कांहींएक न बोलतां माझ्या हातीं दिली. पहिल्याच फिरकीला इंजिन बोलूं लागलें. मीं पाकीट काढलें. "काही बदललंच नाही, पैसे कसले?" असें म्हणून मिस्त्री मोटारसायकलीवर बसले. क्षमेचा शब्द माझ्या ओठांवर आला होता. पण शेजारी उभे होते, पहारेकरी हंसत होता, कॉलेजची वेळ टळून गेली होती. शब्द तेथेंच राहिला.

माझें कॉलेज मोशीच्या पुढें आहे. पुढच्या तेलबदलाला अवकाश आहे; तोंवर थांबायचें नाहीं, असें मी रोज घरून निघतांना ठरवितों, आणि भोसरीवरून रोज सरळ पुढें जातों.