उतरंड

गेल्या वर्षी आई गेली आणि कोकणातले आमचे घर मोकळे करण्याची पाळी आली. धाकटा बंधू अमेरिकेत स्थायिक झालेला. त्याची कन्या तिथेच जन्मली, तिथेच वाढली. मराठी ती थोडेसे बोलते, वाचीत नाही. तिने कळविले, "काका, आजीच्या वस्तूंची यादी इंग्रजीत करून पाठवा. एखादी मला माझ्याजवळ ठेवायची आहे." तीस वर्षे इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात घालविलेल्या माणसाला हे काम म्हणजे अर्ध्या तासाची करमणूक, अशा ऐटीत मी स्वयंपाकघरात पाट मांडून बसलो.

पहिल्या फळीवरच ती ऐट जिरली. पळी हाती आली, लिहिले, 'लॅडल'. शेजारी डाव होता, तोही लॅडलच. मग आमटीचे ओगराळे. त्यालाही दुसरे नाव सुचेना. झाऱ्याला 'स्किमर' सापडला तेव्हा कुठे हायसे वाटले. तुपाच्या पळीने कोणी आमटी वाढू लागता तर आईने त्याची जी संभावना केली असती ती मला ठाऊक आहे. माझ्या यादीत मात्र तिघांचे गोत्र एक झाले. इंग्रजी भाषा दरिद्री आहे, असे माझे मुळीच म्हणणे नाही. गॉब्लेट, टम्बलर, टँकर्ड हे तिचे वैभव पाहिले म्हणजे आपला पेला बिचारा एकाकी वाटतो.

विळीपाशी मी पुरता अडलो. 'नाइफ' लिहावे तर सुरी डोळ्यांपुढे येते. सुरी चालते नि भाजी स्वस्थ राहते. विळीचे पाते स्वस्थ, चालते ती भाजी. विळीवर पाय दाबून, दोन्ही हात मोकळे ठेवून, ओटीवरच्या माणसाशी बोलत बोलत आई भाजी चिरीत असे. अखेर मोल्सवर्थ काढला. १८३१ साली प्रथम निघालेला व १८५७ साली वाढवून पुन्हा छापलेला हा मराठी-इंग्रजी कोश मजपाशी १९७५ च्या पुनर्मुद्रणात आहे. असल्या शब्दांपुढे तो साहेब प्रतिशब्दाच्या भरीस न पडता वस्तूचे वर्णन करतो. मी तोच कित्ता गिरविला आणि यादीची पाने वाढू लागली.

कोपऱ्यातल्या उतरंडीपुढे मात्र वर्णनही थकले. एकावर एक रचलेली सहा मडकी, तळाशी मोठे, माथ्यावर लहान, एवढे लिहून झाले. पण उतरंड ही वस्तू नव्हे, रचना होय. मडकी वेगळी केली की मडकी उरतात, उतरंड उरत नाही. तळाशी तांदूळ, त्यावर कुळीथ, आणि वरून दुसऱ्या मडक्यात आई सुटे पैसे ठेवी. ते घ्यायचे तर माथ्यावरचे उतरवावे लागे, आणि मडके मडक्यावर घासल्याचा आवाज तिला ओटीवर ऐकू जाई. हे ज्ञान मला दहाव्या वर्षी स्वानुभवाने झाले. ते यादीच्या कोणत्या रकान्यात घालावे?

पुतणीचे उत्तर आले : "काका, ती मडक्यांची रास मला फार आवडली. पण एवढी कशी येणार? सर्वांत वरचे तेवढे पाठवा."

उरलेली पाच शेजाऱ्यांनी नेली. लहानगे मडके मी आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळले आणि टपालकचेरीत गेलो. कस्टम्सच्या कागदावर वस्तूच्या नावासाठी दोन इंचांची जागा होती. तिथे मी इंग्रजीत लिहिले, 'मातीचे लहान भांडे', आणि किमतीच्या रकान्यात पन्नास रुपये.